निव्वळ नरांची प्रजाती

माझ्या भाऊजींनी शिंपल्यांची एक नवी प्रजाती शोधून काढली. वीस कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली, आजवर कुणाच्याही नजरेस न पडलेली, आणि त्यातला एकूण एक शिंपला नर. यातली शेवटची गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, कारण शिंपला उघडून आत बघणं हे त्यांच्या मते हाताखालच्या माणसांचं काम आहे.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. आमच्या संस्थेत ते जीनोम विभागाचे प्रमुख आहेत. मी त्याच इमारतीत, दोन मजले खाली, डीएनए वाचणाऱ्या सीक्वेन्सिंगच्या यंत्रातून निघालेला कच्चा डेटा साफ करून देते. शिंपल्यांकडे वळण्यापूर्वी ते गव्हाचं करायचे, त्याआधी कोंबड्यांचं. एका सजीवातून दुसऱ्यात ते बदली झाल्यासारखे जातात. नव्या प्राण्याची जरा माहिती करून घ्यावी, असं काही त्यांना वाटत नाही, कारण 'डीएनए सगळ्यांचा सारखाच वाचायचा असतो.' हे वाक्य त्यांचंच आहे. प्रत्येक भाषणात ते येतं आणि त्यापुढे टाळ्यांसाठी जागा सोडलेली असते.

बाबांनी मात्र उभं आयुष्य एकाच शिंपल्यावर काढलं. नदीच्या गाळात अर्धा रुतून बसणारा, काळपट, लांबट, बघणाऱ्याला दगड वाटावा असा हा प्राणी. बाबांच्या आधीच्या विद्वानांनी त्याच्या अकरा प्रजाती करून ठेवल्या होत्या. वाहत्या पाण्यातला जाड कवचाचा एक, संथ पाण्यातला पातळ कवचाचा दुसरा, शेपटाकडे निमुळता तिसरा. प्रत्येकाला कुणाचं तरी नाव. कुणी आपल्या साहेबाचं दिलेलं, कुणी सासऱ्याचं, आणि एकाने तर मित्राकडून स्वतःचंच घालून घेतलेलं. बाबांनी हजारो शिंपले खणात ओळीने मांडले आणि दाखवून दिलं, की एकाचा आकार दुसऱ्यात कुठे मिसळतो ते कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. पाणी जसं, तसं कवच. प्रजाती एकच. अकरापैकी दहा नावं त्यांनी एका झटक्यात पुसून टाकली.

त्या नावांचे मालक आणि त्यांचे चेले पुढे बाबांना कायम पाण्यात पाहत राहिले. विभागप्रमुखपद गेलं, पुरस्कार गेले, समित्यांवर कुणी घेईना. बाबांनी कधी तक्रार केली नाही. उलट ते म्हणत, शिंपल्याला आपलं नाव चिकटवायला धडपडणारा माणूस आणि बागेतल्या झाडावर चाकूने नाव कोरणारा माणूस, दोघांची अक्कल एकाच दुकानातली.

बाबांच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळं शहर जाणत होतं. त्यांच्या जिभेचा नियम मात्र आम्हा घरच्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनाच माहीत होता. ज्याच्याकडून काही होईल असं त्यांना वाटे, त्याला ते रडकुंडीला येईपर्यंत झोडपत. ज्याच्यावर पाणी सोडलं, त्याच्याशी मऊ आवाजात बोलत आणि विचारत, "चहा घेणार का?" चांगली चांगली मुलं त्या चहाला घाबरत. माझ्या प्रबंधाला बाबांनी 'कचऱ्याची पेटी' म्हटलं, त्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. ताईवर ते शाळा संपल्यापासून कधी रागावले नाहीत. आणि भाऊजी, लग्न झाल्यापासून आमच्याकडे बादलीभर चहा प्यायले असतील. ते त्याला पाहुणचार समजतात.

तर ते दोघं एका रविवारी दुपारी केकचा खोका घेऊन आले. बाबा त्यांच्या खोलीत होते. त्या खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी खण आहेत, खणांत शिंपले आहेत, आणि आई गेल्यापासून तिथला स्पिरिटचा वास घरभर पसरला तरी कुणी बोलत नाही. भाऊजींनी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि छापलेला शोधनिबंध बाबांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. बाबांच्या त्याच नदीतले त्याच जातीचे शिंपले त्यांनी सीक्वेन्स केले. मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला, तर झाडाला दोन फांद्या फुटलेल्या. दोघींमधलं अंतर वीस कोटी वर्षांचं. म्हणजे बाबा ज्याला एक म्हणत होते, ते दोन आहेत. जुन्या फांदीला जुनं नाव राहील, नव्या प्रजातीला बाबांचं नाव द्यायचं ठरलं आहे. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या सभागृहात जाहीर कार्यक्रम आहे आणि बाबांनी पहिल्या रांगेत बसायचं आहे. ताईचे डोळे भरून आले होते. ती लहानपणापासून केक दिसला की रडते.

मी दाराच्या चौकटीला टेकून त्या झाडाचं चित्र बघत होते. मी विचारलं, डीएनएसाठी शिंपल्याचा कुठला भाग कापला? भाऊजी म्हणाले, मधला मऊ भाग. पायाच्या स्नायूत फार चिकट बुळबुळ असते, त्याने सगळं काम अडतं, म्हणून त्यांनीच डोकं लढवून सांगितलं, की मऊ तेवढं घ्या.

बाबांनी मान वर न करता विचारलं, "दोन्ही निम्मे निम्मे निघाले का?"

"जवळजवळ बरोबर निम्मे!" भाऊजी हरखले. "तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी निबंधाचं पान उलटलं. मग म्हणाले, "चहा घेणार ना, जावईबापू?"

मी जवळजवळ उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. का, ते कळायला आता शिंपल्यांचं ते प्रसिद्ध लफडं सांगायला हवं. आपल्या पेशीत केंद्रकातला मुख्य डीएनए असतो, आणि मायटोकाँड्रियात आणखी एक छोटा, वेगळा. हा छोटा डीएनए माणसापासून माशापर्यंत सगळ्यांना फक्त आईकडून मिळतो. या शिंपल्यांत मात्र बापही आपला छोटा डीएनए पुढे देतो, पण फक्त मुलग्यांना, आणि मुलगे तो शुक्रबीजं तयार होतात त्या भागात सांभाळतात. आईचा धागा वेगळा, बापाचा वेगळा, आणि दोन्ही कोट्यवधी वर्षं एकाच प्राण्यात शेजारी शेजारी चालत आलेले. तो मधला मऊ भाग म्हणजे नेमका प्रजननाचा भाग. नराचा कापला तर बापाचा धागा हाती येतो, मादीचा कापला तर आईचा. मग एकाच घरातले सख्खे बहीण-भाऊ वीस कोटी वर्षं दूरचे दिसतात. भाऊजींनी नर आणि माद्या वेगळ्या केल्या होत्या आणि त्याला नवा शोध म्हणत होते.

हे काही गुपित नाही. शिंपल्यांवरच्या कुठल्याही धड पुस्तकात आहे. ही गोष्ट जेव्हा नवी होती, तेव्हा बाबांनी जेवता जेवता आम्हाला ती रंगवून सांगितली होती आणि वर म्हणाले होते, की कुणीतरी गाढव यातून एक दिवस नवी प्रजाती काढणार. ते गाढव आपल्या घरात जावई म्हणून येईल हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, आता बाबा त्यांना सोलून काढतील. चहा घेऊन आले तेव्हा खोलीत शांतता होती. ताई केक कापत होती. भाऊजी खणांतले शिंपले हातात घेऊन चुकीच्या खणात ठेवत होते, आणि बाबा शोधनिबंधावर वाकले होते. त्यांचं बोट नव्या नावावर होतं, आमच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून झालेल्या त्या शब्दावर. ते बोट पुढे जात होतं आणि परत मागे येत होतं. मला वाटलं, म्हातारा सावकाश चव घेऊन फाडणार आहे. मी थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींच्याच कामाचा कच्चा डेटा उघडला. यंत्र काही फक्त छोटा डीएनए वाचत नाही, केंद्रकातलाही वाचतं. तो सगळा तिथे पडून होता, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी त्यावरून झाड काढलं. दोन प्रजाती असत्या तर दोन झुबके दिसले असते. दिसला एक ढीग, 'जुने' आणि 'नवे' एकमेकांत पार मिसळलेले. बाबा चाळीस वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी जे बोलले होते, ते अक्षरशः खरं होतं. मी ते चित्र घेऊन वर गेले.

भाऊजींच्या केबिनला काचेचं दार आहे, म्हणजे आत ते काम करताहेत हे बाहेरून दिसावं. पाहुण्यांची खुर्ची त्यांच्या खुर्चीपेक्षा बुटकी आहे. त्यात बसून मी त्यांना सगळं समजावलं. समोर शाळेतला मुलगा असता तर त्याला दोनदा सांगावं लागलं नसतं. भाऊजींनी आधी सांगितलं, की परीक्षकांनी काही हरकत घेतली नाही. मग सांगितलं, की केंद्रकातल्या डीएनएचं विश्लेषण पुढच्या निबंधात घेऊ. मग चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की माणूस मठ्ठ असला तरी बावळट नाही.

"हे बाबांना तूच सांग," ते म्हणाले. "मी नाही सांगणार. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नाही."

आभाराच्या यादीतून माझं नाव काढून टाका, एवढं सांगून मी उठले. ते त्यांनी लगेच मान्य केलं.

घरी आले तेव्हा बाबा आरशासमोर उभे होते. जुना काळा कोट त्यांनी शिंप्याकडून आत घेऊन आणला होता. पण माणूस इतका आटला होता, की तरी खांद्यावर कापड लोंबतच होतं. मी म्हटलं, मी डेटा पाहिला. ते म्हणाले, मग काय, एकच ना? मी म्हटलं, एकच.

"मऊ भाग म्हणाला तेव्हाच कळलं मला," बाबा म्हणाले. "तुला चहा करायला पाठवलं ते उगाच नाही. तू तिथेच तोंड उघडलं असतंस."

मला आधी ते नीट उमगलंच नाही. मग माझं डोकं असं फिरलं, की जे तोंडाला आलं ते बोलले. तुम्ही बरोबर होता, मी म्हटलं, आता पुराव्यानिशी बरोबर आहात. तुम्हाला पाण्यात पाहणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून सांगता येईल. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला खोटं पाडायला निघालात, तेही त्या माणसाच्या निबंधावर, ज्याला शिंपल्याचं पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं ते माहीत नाही.

बाबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घातला.

"बरोबर असून काय मिळालं मला?" ते म्हणाले. "सांग ना. चाळीस वर्षं बरोबर होतो."

"झाडावर चाकूने नाव कोरणारे लोक, असं तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचो. झाडाला त्याने काही होत नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. त्यांनी नावं पुसली त्यानंतर त्यातल्या एका नावाच्या मालकाची मुलगी त्यांना भेटायला आली होती. बाप अंथरुणाला खिळलेला होता. ती याच खोलीत, याच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, एवढं एक नाव राहू द्या, ते जाईपर्यंत तरी. बाबांनी मला विचारलं, मी काय केलं असेन?

"चहा विचारला असेल."

"हो," बाबा म्हणाले. "प्यायली बिचारी."

मी सांगून टाकलं, की कार्यक्रमात मी उठणार आणि विचारणार. त्यांनी मला अडवलं नाही. ते म्हणाले, "विचार. तुला अडवायचं म्हणजे तुझी किंमत कमी करायची. फक्त एक कर, विचारलंस तर नीट विचार, अर्धवट नको." हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. संस्थेत फुकट खायला असलं की विज्ञानाची आवड वाढते. पडद्यावर ते दोन फांद्यांचं झाड, शेजारी बाबांच्या खणातून उचललेल्या शिंपल्याचा फोटो. ताई पहिल्या रांगेत रुमाल घेऊन सज्ज. बाबा तिच्या शेजारी, काळ्या कोटात, मांडीवर फुलांचा गुच्छ. भाऊजी बोलायला उभे राहिले आणि डीएनए सगळ्यांचा सारखाच वाचायचा असतो असं म्हणून थांबले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी या दोन प्रजातींचं कौतुक केलं. वीस कोटी वर्षं एकाच गाळात, खांद्याला खांदा लावून, समसमान संख्येने, एकमेकींना न दुखावता राहिल्या, माणसाने यापासून शिकावं. त्यांना नवरा-बायकोबद्दल आपण बोलतोय याचा पत्ता नव्हता.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उठले. लॅपटॉप माझ्या हातात होता, त्यावर ते एका ढिगाचं चित्र उघडं होतं, आणि पडद्याची वायर माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होती. मी नीट विचारलं, अर्धवट नाही.

"नव्या प्रजातीच्या माद्या किती मिळाल्या?"

भाऊजींनी पाण्याचा ग्लास उचलला. लिंगनिश्चिती पुढच्या टप्प्यात आहे, ते म्हणाले. मी म्हटलं, उरलेले नमुने उघडून मी पाहिलंय, एकही नाही, आणि जुन्या प्रजातीत एकही नर नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. ज्यांना कळलं ते शेजाऱ्यांना सांगू लागले. भाऊजींच्या कपाळावर घाम दिसायला लागला आणि मला मनापासून, अगदी पोटातून, मजा वाटली. आता फक्त वायर जोडायची होती.

तेव्हा बाबा उभे राहिले. माईक कुणी दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

"या शिंपल्याबद्दल मला विचारा," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. "चाळीस वर्षं मी सांगत आलो, की ही प्रजाती एक आहे. मी चुकलो. माझ्यापाशी नुसते डोळे होते, यांच्यापाशी यंत्र आहे. या दोन आहेत."

चाळीस वर्षांत कुणीही या माणसाच्या तोंडून 'मी चुकलो' ऐकलं नव्हतं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले, सुटल्यासारखे. आणि बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला जेवणाच्या टेबलावरून माहीत होती. हनुवटी वर, भुवया ताणलेल्या. चल, मार आता. ते तयार होते. मी चित्र लावलं असतं तर चारचौघांत त्यांचं दोन्ही गेलं असतं, नावही आणि शब्दही, आणि तरी ते माझ्यावर खूश झाले असते. मी वायर उचललीही होती. पण त्यांच्या हातातला गुच्छ कलला. एक फूल गळून खाली पडलं, ते वाकून शोधायला लागले, आणि कोट पाठीवर चढून त्याची आतली टाक्यांची बाजू दिसली. माझ्या सगळ्या आयुष्यात ज्या एका माणसाला मी हसले नव्हते, तो खुर्चीखाली फूल शोधत होता.

मी खाली बसले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. भाऊजी मंचावरून उतरून बाबांच्या गळ्यात पडले. त्या मिठीतून बाबा अजून माझ्याकडेच बघत होते. वाट बघत होते. मी लॅपटॉप मिटला तेव्हा त्यांनी नजर काढून घेतली.

हे फार दिवस टिकणार नाही. कुठल्यातरी देशातला कुणीतरी शहाणा शिंपला उघडेल, मादी शोधेल, आणि ते नावही अकरांतल्या दहांसारखं पुसलं जाईल. बाबांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घरी येताना गाडीत त्यांनी काच खाली केली. सिग्नलला म्हणाले, गर्दी फार वाढली आहे.

घरी आल्यावर ते आपल्या खोलीत गेले, खणांसमोरच्या खुर्चीत बसले. कोट अंगातच होता. मी गुच्छ ठेवायला काही सापडेना म्हणून रिकामी बरणी धुऊन आणली.

"का बसलीस खाली?" त्यांनी विचारलं. "चित्र होतं तुझ्याकडे. दिसत होतं मला."

"होतं."

"मग?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. चाळीस वर्षांत त्यांनीच शिकवलेलं, एकाहून एक जहाल. लबाड म्हणायचं होतं, भित्रा म्हणायचं होतं, कचऱ्याची पेटी म्हणायचं होतं. ते ऐकायलाच ते पुढे झुकून बसले होते. मी तोंड उघडलं, आणि माझा आवाज इतका मऊ निघाला, की मलाच ओळखू आला नाही.

"बाबा, चहा घेणार का?"

ते खुर्चीत मागे टेकले. मग हात पुढे करून समोरचा उघडा खण हळूच बंद केला.

"अर्धा कप," ते म्हणाले.